गुरुजींच्या लेकीची शाळा

दादा,

काल दुपारी जेवणं झाल्यावर लेकीनं माझ्यापुढं एका इंग्रजी शाळेचा छापील कागद ठेवला. "आई, तूच सांग. एवढी फी भरून पोरीला तिथं घालावं का? तू तर अशाच शाळेत शिकलीस." नात चार वर्षांची आहे. ती तिथंच फरशीवर पालथी पडून माझ्या चपलेत बाहुली झोपवत होती. बाहेर नांदेडचं ऊन असं पसरलेलं की रस्त्यावरचा माणूससुद्धा पाण्यातून चालल्यासारखा दिसावा. मी चष्मा लावला, कागद वाचला, उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर तुम्ही उभे होतात. स्टुलावर, हातात ब्रश, धोतराला काळ्या रंगाचा डाग. लेकीला म्हटलं, उद्या सांगते. ती हसली. एवढ्याशा गोष्टीला उद्या कशाला, असं तिला वाटलं असणार. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्ही असताना हे विचारायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी धीर झाला नाही. म्हणून आज पहाटेच, तिच्याआधी तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही स्टुलावर उभे आहात ते शाळेची पाटी बदलायला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आणि वरून कागद आला की शाळेच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहा. रंगारी औशाहून आणायचा तर पैसे कुठून आणणार, तुम्ही स्वतःच डबा उघडलात. मी खाली डबा धरून उभी. उस्मानाबाद लांबलचक शब्द, लातूर आखूड. लिहून झालं तरी पाटीवर हातभर जागा रिकामी राहिली. "आता हितं काय काढावं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "चिमणी काढा, दादा." तुम्ही वरूनच डोळे वटारलेत. "साळंत कोण मी?" "गुरुजी." "हां." मग तुम्ही चिमणी काढलीत. ती कोंबडीसारखी झाली होती, पण गावातल्या कुणीच ते तुम्हाला बोलून दाखवलं नाही. शाळेच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही माझे गुरुजी आणि बाहेर दादा, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की स्वप्नातसुद्धा मी आधी उंबरा बघायची आणि मग हाक मारायची.

दुष्काळ त्याच्या मागोमाग आला की आधीच आलेला होता, ते आता मला नीट सांगता येत नाही. आठवणीत नवा जिल्हा आणि कोरड्या विहिरी एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. आभाळ पांढरं. झाडांच्या सावल्यासुद्धा फिकट. टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन धावायचं आणि तो गेला की ओल्या मातीचा पट्टा घटकाभर काळा दिसायचा, तेवढाच डोळ्याला गारवा. वर्गात रोज दोन-चार लेकरं कमी व्हायची. रोजगार हमीचं काम सडकेवर निघालं होतं, आईबाप तिथं खडी फोडायला जायचे, लेकरं त्यांच्यासोबत. एक दिवस वर्गात आम्ही सहाच जणं उरलो. तुम्ही हजेरीपट मिटलात, भिंतीवरचा फळा काढून डोक्यावर घेतलात आणि म्हणालात, "चला. साळा तिकडं गेलीय, आपण बी जाऊ." सडकेच्या कडेला बाभळीखाली तुम्ही फळा टेकवलात. हातोड्यांच्या आवाजात आम्ही पाढे म्हणायचो. बे एके बे, ठण, बे दुणे चार, ठण. आजही कुठं बांधकामावर दगड फुटताना ऐकला की माझ्या तोंडात पाढा येतो.

तिथं माझ्या शेजारी बसायची ती माझी एकुलती मैत्रीण. शेतकऱ्याची मुलगी, पाच एकर कोरडवाहू. आपल्या बौद्ध वस्तीतला माणूस गुरुजी होऊन आला तेव्हा तिच्या घरच्यांनी, मुलगी घरीच राहिलेली बरी, अशी कुरकुर केली होती. तिच्या मायनं ऐकलं नाही. हाताला धरून पोरीला वर्गात आणून बसवलं आणि म्हणाली, "गुरुजी, हिला शिकवा. घरचं मी बघते." तुम्ही हे आईला सांगत होतात तेव्हा तुमचा आवाज किती हळू झाला होता ते मला आठवतंय. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तुम्ही बोलताना तिच्याकडं बघत होतात.

मला लातूरला इंग्रजी शाळेत घालावं हे आईच्या डोक्यात मामांनी भरवलं. मामा नव्या कलेक्टर कचेरीत कारकून झाले होते. साहेबांची मुलं रिक्षानं कुठं जातात, हे त्यांनी आईला सांगितलं आणि आईनं ते सोडलंच नाही. ती चुलीपुढं बसून बोलत होती. "मला काय कळत न्हाई, पण साहेबाची लेकरं जिथं जातेत तिथं काय तरी आसंल का न्हाई?" तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. "आचाऱ्यानं आपलं रांधलेलं आपणच न्हाई खाल्लं तर पंगत बसंल का?" आई म्हणाली, "पंगत गावाची हाय. लेक माझी हाय." त्यावर तुम्ही उठून गेलात. माझ्या आठवणीत तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात ते तेवढंच.

मग ती जीप आली. दुष्काळाची पाहणी करायला बाहेरच्या कुठल्या तरी संस्थेच्या एक बाई आल्या होत्या, सोबत एक तरुण साहेब. बाई इंग्रजीत विचारायच्या, साहेब मराठीत सांगायचा. बाभळीखालची शाळा बघून त्या थांबल्या. त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही हातातला खडू खाली ठेवलात, टोपी सारखी केलीत, आणि बोलायला लागलात. इथं अडतीस लेकरं आहेत, सावली नाही, प्यायचं पाणी अर्ध्या कोसावर, परवा एक पोर चक्कर येऊन पडलं, एक रांजण आणि चार पोत्यांचा आडोसा एवढं झालं तरी पुरे. इतकं सलग बोललेलं मी तुम्हाला क्वचित ऐकलं होतं. तुमचं संपल्यावर साहेब बाईंकडं वळला आणि दोन-तीनच शब्द बोलला. बाई हसल्या. "गुड, व्हेरी गुड," म्हणाल्या, तुमचा हात हातात घेऊन हलवला. जीप गेली. धुळीत तुम्ही तसाच हात पुढं धरून उभे.

त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही पाय धुतले नाहीत. आईला म्हणालात, "मी एवढं बोललो. त्यानं काय सांगितलं त्यायला?" आई म्हणाली, "मला काय ठावं?" "मला बी ठावं न्हाई. हेच तर." मग म्हणालात, "भावाला सांगावा धाड. पोरीला घेऊन येतो म्हणावं."

लातूरची ती शाळा एका भाड्याच्या बंगल्यात होती. अंगणात अशोकाची चार झाडं, त्यांना कुणी तरी पाणी घालत होतं. मी त्या पाण्याकडंच बघत राहिले, वाहून मातीत जाणारं पाणी मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. आत मॅडमनी रजिस्टर उघडलं. मला चौथीतून काढून दुसरीत बसवायचं ठरलं. "वडील काय करतात?" तुम्ही म्हणालात, "शेती." मी तुमच्याकडं बघितलं. आपल्याकडं शेत कुठलं, दादा? विहाराच्या मागचं लिंबाचं झाड आपलं म्हणायचो, तेवढीच काय ती आपली शेती. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा तुम्ही चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणालात, "मास्तर म्हणलं असतं तर त्या इचारतील, मग तुमच्या साळंत का न्हाई? काय सांगू?" थोडं पुढं गेल्यावर म्हणालात, "आन गावात कुणी इचारलं तर म्हणायचं, पाण्यापायी मामाकडं ठेवलीय." खोटं बोललं की छडी खाणाऱ्या आम्हा लेकरांच्या गुरुजींनी एका सकाळीत दोन खोट्या गोष्टी सांगितल्या. फी तर पुढं दर महिन्याला गेलीच, तुमच्या पगारातला मोठा घास होता तो, आणि आईनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण पहिली फी तुम्ही त्या दिवशी त्या टेबलापाशी 'शेती' म्हणालात तेव्हाच भरलीत, असं मला आता वाटतं.

पुढच्या साली पाऊस झाला. ओढे वाहिले, विहिरींत पाणी चढलं, माणसं खडीवरून शेतात परतली. फळा भिंतीवर गेला. मी मात्र मामांकडंच. गाव विचारायला लागलं तेव्हा, मामीला बरं नसतं, हाताखाली लागते, असं तुम्ही सांगत राहिलात. आणि एका शनिवारी गंजगोलाईत मामीबरोबर भाजी घेत असताना माझ्या मैत्रिणीची माय समोर उभी. मी शाळेतून तशीच आलेले, गळ्यात टाय. तिनं तळहातानं माझा गाल कुरवाळला. "लई उजळलीस की गं. हे काय गळ्यात?" मी अभिमानानं सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं, 'रेन, रेन' गाणं म्हणूनसुद्धा दाखवलं. "फी आसंल?" "हो. दादा भरतेत." तिनं पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवले आणि ती गर्दीत गेली. त्या पेरूंची गोडी मला अजून आठवते, आणि मी काय करून बसले होते याची मला तेव्हा गंधवार्ताही नव्हती.

पुढचं मला मैत्रिणीनं सांगितलं, ते किती तरी वर्षांनी, तुम्ही गेल्यावर. सोमवारी तिची माय शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "गुरुजी, पाणी तर कवाच आलं. लेक का न्हाई आली?" तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभे होतात, तसेच उभे राहिलात. "तुमच्या साळंत तुमची लेक न्हाई. मग माझी कशाला बसवू?" तुम्ही वळलात. मैत्रीण म्हणते, तुमच्या बोटांत खडूचा चुरा झाला होता. "चुकलो बाई," तुम्ही म्हणालात. "खोटं बोललो. तिला फी भरून इंग्रजी साळंत घातलीय." लेकरांसमोर, दादा. जी लेकरं तुमची पावलं ऐकून पाटी पुसायची त्यांच्यासमोर. ती बाई म्हणाली, "खोटं ऱ्हाऊ द्या. तिथं काय शिकवतेत जे हितं न्हाई?" "इंग्रजी." "मग ते शिकवा. मला न्हाई झेपत फी. तुम्ही भरलीच हाय, तर त्यातलं हिकडं बी घेऊन या."

ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला फक्त रविवार ठाऊक होते. तुम्ही पहिल्यापासून सकाळच्या एस.टी.नं यायचात, मामांच्या ओसरीवर बसायचात, पण आता पाणीसुद्धा पिण्याआधी खिशातून चिठ्ठी काढायचात. चिठ्ठीवर इंग्रजी शब्द, तुमच्या टपोऱ्या अक्षरात, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. "हे कसं म्हणायचं?" मी म्हणून दाखवायचे, तुम्ही माझ्या ओठांकडं बघत म्हणायचात आणि शेजारी मराठीत लिहून घ्यायचात. मे महिन्याच्या सुट्टीत तर तुम्ही मामांकडंच राहायचात, मग रोज दुपारी. बाहेर झळा, दाराला ओलं पोतं टांगलेलं, आणि अर्ध्या उजेडात तुम्ही माझ्या जुन्या, दुसरीच्या पुस्तकावर बोट ठेवून वाचताय. मला झोप यायची. तुमचा आवाज झोपेत मिसळायचा, 'द काऊ गिव्ह्ज अस मिल्क', आणि मला वाटायचं आपण कुठल्या तरी विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणी तरी वाचून दाखवतंय. एकदा मामांची मुलं तुमच्या 'इस्कूल'ला हसली. मीही हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. तुम्ही रागावला नाहीत. "हास गं," म्हणालात, "पण परत म्हण." आणि मी परत म्हणाले, आणि तुम्ही परत म्हणालात, असं वीस वेळा. मला वाटायचं, दादांना या वयात हा छंद कशाला जडला. नव्या शाळेतल्या मैत्रिणींसमोर मला त्या चिठ्ठीची लाज वाटायची.

काही शब्द मलाही येत नसायचे. येत नाही म्हणायची लाज, म्हणून ठोकून द्यायचे. 'आयलंड'ला मी तुम्हाला 'इस्लंड' शिकवलं. तुम्ही ते विश्वासानं लिहून घेतलंत.

मैत्रीण आता अर्धापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे. बैठकीला नांदेडला आली की केळ्यांची फणी घेऊन घरी येते. तिनंच सांगितलं की शाळा सुटल्यावर रोज तासभर तुम्ही इंग्रजी घ्यायचात. सुरुवात ठरलेली असायची. "आज मॅडमनं काय सांगितलंय बघा." आणि काही अडलं की, "थांबा, रविवारी मॅडमला विचारून येतो." लेकरांना वाटायचं, लातूरला कुणी मोठ्या मॅडम आहेत आणि गुरुजी त्यांच्याकडं शिकवणीला जातात. तिला एकटीलाच संशय होता, कारण 'इस्लंड' असं ठासून बोलणारी मॅडम तिला ओळखीची वाटायची. हे सांगताना ती हसून हसून लाल झाली. मी हसले नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच केळी धुवायला लागले.

तिची एका पैशाची फी लागली नाही आणि ती मुख्याध्यापिका झाली. माझी लागली आणि मी बँकेत अधिकारी झाले. म्हटलं तर दोघींचं सारखंच. तुमच्या हाताखालून गेलेल्यांतला एक तलाठी झाला, एक जण औशात औषधाचं दुकान चालवतो. पण त्या सोमवारनंतर तीन घरांनी आपली पोरं काढून औशाला घातली, हेही तिनंच सांगितलं. गुरुजीचाच भरवसा न्हाई तर आपला कशाला, असं म्हणाले. त्या तीन पोरांची नावं तुम्ही वर्षभर हजेरीपटावरून काढली नाहीत. रोज हाक मारायचात, थांबायचात, आणि पुढं जायचात. हे मला तिनं सांगायला नको होतं.

माझ्या नोकरीचं एक सांगते. बँकेत वरचे साहेब यायचे, त्यांना मराठी येत नसायचं. बचत गटाच्या बाया काही मागायला आल्या की मी मध्ये उभी राहायचे. बाई जे बोलेल ते सगळं मी इंग्रजीत सांगायचे, एकही वाक्य न गाळता, तिचा उसासासुद्धा. साहेब घड्याळ बघायचे. एकदा एक जण म्हणाले, थोडक्यात सांगा ना मॅडम. मी म्हणाले, ती थोडक्यात बोललेली नाही. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात एकटीच तुमच्याशी बोलत होते. फी वसूल झाली का, ते मला खरंच कळत नाही, दादा. फी म्हणजे नेमकं काय मोजायचं तेच ठरत नाही. तुम्ही जे त्या दारात सगळ्यांसमोर दिलंत ते धरायचं, की ओल्या पोत्याआडच्या त्या दुपारी धरायच्या, की ती तीन नावं?

मघाशी पत्र अर्धं ठेवून उठले आणि लेकीला म्हटलं, "घाल." ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं रात्रभर विचार करून काही तरी मोठं सांगशील." मी म्हटलं, "घाल, पण ती शिकून आली की तिच्याजवळ बस. तिला शिकवायला नको, तिच्याकडून शिकायला." लेक म्हणाली, "मला येतं गं इंग्रजी." बरोबर आहे, तिला येतं. मी काय सांगत होते ते माझं मलाच नीट सांगता आलं नाही. नातीनं तेवढ्यात माझा चष्मा पळवला आणि बोलणं तिथंच राहिलं.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय. रविवारी संध्याकाळी तुम्ही परत निघायचात तेव्हा मी स्टँडवर रडायचे. एस.टी. हलली की तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढून बघायचात, आणि मी दोन्ही हातांनी डोळे पुसत उभी असायचे. पहिले दोन-तीन रविवार ते खरं होतं. नंतर नव्हतं. नंतर मला त्या शाळेतली बाकं, तिथला रंगीत खडूंचा डबा, गाणी, पावसाळ्यातला चिखलातला खोखो, सगळं इतकं आवडायला लागलं होतं की आठवडा आठवडा मला गाव आठवायचं नाही, तुम्हीही नाही. पण तुम्ही एवढ्या लांबून यायचात, आणि जाताना मी रडले नाही तर तुम्हाला कसं वाटेल, म्हणून मी रडायचे. मी तिथं आनंदात होते, दादा.